गच्चीवरचं शिवार

अंबडला घर बांधताना शेजारच्या काकूंचं अंगण आमच्यापेक्षा खाली आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जोराचा पाऊस झाला की आमच्या स्लॅबचं सगळं पाणी पन्हाळातून त्यांच्या अंगणात कोसळायचं. एकदा ते त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं, पिठाचा डबा भिजला. "तुमचं पाणी तुमच्या दारात ठिवा," एवढं म्हणून काकूंनी बोलणंच सोडलं.

माझे सासरे, आमचे मामा, शेत धाकट्या दिरावर सोपवून आमच्याकडे आल्यापासून गच्चीवर बसून ढगांकडे बघत असायचे. एके दुपारी म्हणाले, "गावच्या धाब्याच्या घरावर मातीच होती. पाणी प्यायची ती. हितं नुसता सिमिट. त्याला तहानच न्हाई."

ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. गच्चीवर माती टाकली तर चालेल का, असं मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, थर वीतभराच्या वर नको. मग आम्ही दोघं कामाला लागलो. तळाला जुने फ्लेक्स, पन्हाळाच्या बाजूला उतार. त्यावर पाडलेल्या भिंतीच्या विटांचे तुकडे, बियाण्यांची उसवलेली पोती, आणि वर साखर कारखान्याच्या मळीचं खत कालवलेली माती. माती पसरताना मामा इतके हलके पाऊल टाकायचे, जणू खाली कुणी निजलंय. हळूहळू गवत उगवलं. मामा तिथंच चटई टाकून डुलक्या घ्यायला लागले.

भादव्यात एका दुपारी आभाळ भरून आलं आणि धो धो पाऊस झाला. मी पन्हाळाकडे कान लावून उभी राहिले. पाणी वरच कुठंतरी रेंगाळत होतं. पाऊस ओसरायला लागल्यावर बारीक धार लागली, आणि उघडीप झाली तरी ती तशीच ठिबकत राहिली. काकूंचं अंगण ओलं झालं, पण तुंबलं नाही.

काकू दार उघडून बाहेर आल्या. "वर काय करून राह्यले तुम्ही?"

"वर या की," मी म्हणाले.

त्या आल्या. चपला जिन्यात काढून ओल्या गवतात उभ्या राहिल्या. मग वाकून आपसूक उगवलेली घोळीची भाजी खुडायला लागल्या.

"डाळ टाकून करा," उघडीप होताच वर येऊन बसलेले मामा म्हणाले.

काकू त्यांच्याजवळ टेकल्या आणि शहागडच्या माहेराबद्दल, गोदावरीकाठच्या गाळाबद्दल सांगायला लागल्या. मातीतून वाफ निघत होती. डोळे अर्धवट मिटून मी ऐकत होते. खाली मी गॅसवर ठेवलेला चहा उकळून आटला, तरी कुणी उठलं नाही.