कोऱ्या कागदावरची सही

त्या कॉलेजात प्राचार्य आले नि गेले, कुणाचं काही अडलं नाही. पण हेडक्लार्क रत्नपाल एक दिवस रजेवर गेला की मुलांचे हाल. बंदरातल्या नोकऱ्यांचं शिक्षण देणारं ते खाडीकाठचं कम्युनिटी कॉलेज. निम्मी मुलं आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून यायची. एका दाखल्यासाठी पोरांनी दोनदा हेलपाटा का घालावा? म्हणून रजेआधी रत्नपाल चार-पाच कोऱ्या लेटरहेडवर सही-शिक्का करून ठेवायचा. मजकूर मागाहून शिपाई टाइप करायचा. चूकच ती, पण सतरा वर्षांत तिने कुणाचं वाईट केलं नव्हतं.

यंदा संस्थेवर नवे अध्यक्ष आले. पहिल्याच सभेत त्यांनी फर्मान सोडलं, तपासणी समिती यायच्या आत निकाल शंभर टक्के हवा. दोन विषयांना शिक्षकच नाही, हे बोलायची एकाचीही छाती झाली नाही. प्राचार्य जीवन सर तर मान डोलावण्यात पटाईत. बाहेर आल्यावर त्यांनी रत्नपालला हसत विचारलं, यंदा रजा घेणार नाही का? रत्नपालला तो प्रश्न खटकला. तरी पुतणीच्या लग्नाला तो माणगावला गेलाच. जाताना सवयीने सह्या करून गेला.

परत येतो तो फळ्यावर यादी. हजेरी अपुरी, परीक्षेस अपात्र. नऊ नावं, सगळी अभ्यासात कच्ची, निकाल खाली ओढणारी. खाली त्याची सही.

तो तडक सरांच्या केबिनमध्ये शिरला. सरांनी आवाजही चढवला नाही. कोऱ्या कागदावर सह्या करणारा क्लार्क कोण, हे समितीने विचारलं तर तुम्ही काय सांगाल, एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं बिचाऱ्याला. निवृत्तीला दोन वर्षं, धाकटी मुलगी प्रज्ञा अजून नर्सिंगला.

विद्यापीठात हरकत नोंदवायची मुदत उद्या संपत होती. दुपारी खिडकीशी भक्ती आली. यादीत तिसरी. आगरदांड्याच्या कोळणीची पोर, वर्षभरात तिने बोट चुकवली नव्हती.

"काका, मी रोज येत व्हते. तुमीच बघलंय. मग ही सही तुमची कशी?"

शिपायावर ढकलणं सोपं होतं. ते त्याच्या मनातही येऊन गेलं, खोटं कशाला बोला.

"सही माझीच आहे," रत्नपाल म्हणाला. "पण कागद कोरा होता."

"मग तसं लिवून द्या."

केबिनमधली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रत्नपालने कागद ओढला आणि कोरी सही, खोटी हजेरी, नऊच्या नऊ नावं, सगळं लिहून काढलं. खाली सही केली, या वेळी भरल्या कागदावर. कागद तिच्या हातात देऊन त्याने तिला घरी न जाता विद्यापीठाकडे जाणारी पहिली एसटी पकडायला सांगितलं. पोर धावत सुटली.

तो वळला तेव्हा सर मागेच उभे होते, आणि त्यांच्या हातात त्याच्या सहीचे आणखी दोन कोरे कागद होते.