कंपनी वेगळी, मी वेगळा

आमची टॉवेलची कंपनी बुडणार, हे मला दिवाळीआधीच कळून चुकले होते. तरीही संक्रांतीपर्यंत मी सायझिंगवाल्या अण्णांकडून उधारीवर काम करून घेत राहिलो. ही गोष्ट मी पत्नीपासूनही लपवली.

सुताला खळ लावून मागावर चढवायचे बीम भरून देणे हा अण्णांचा धंदा. बँकेने कर्जासाठी माझी वैयक्तिक हमी घेतली होती. त्यामुळे जुळे सोलापुरातला फ्लॅट वाचावा म्हणून तिची पै न् पै मी फेडली. अण्णांनाही मी एकदा तसाच कागद करून देऊ केला होता. ते हसले होते. "मालक, सही परक्याची घेत्यात. तुमची घेतली तर कारखानदार मला हसतील की!" आमच्यात रीतच तशी होती. बिल कंपनीच्या नावाने, भरवसा माणसावर. त्या दोहोंमधल्या फटीत मी शिरलो.

कंपनी बंद पडल्यावर अण्णा वसुलीला आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि वकिलाने पढवलेले वाक्य म्हटले, "अण्णा, देणे कंपनीचे आहे. कायद्याने कंपनी वेगळी, मी वेगळा."

"मग हा चहा कोण पाजतंय? कंपनी?"

मी हसलो. त्या हसण्याची किळस अजून जात नाही.

अण्णांचा धंदा त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. लपायला त्यांच्याकडे कंपनी नव्हती. कोळशाची उधारी आणि कामगारांचे पगार चुकते करण्यासाठी त्यांनी सायझिंग विकले. मी मात्र कायद्याने निर्दोष राहिलो. त्या निर्दोषपणाला आंबलेल्या खळीचा वास होता, आणि तो वास अंगावर घेऊन मी लग्नकार्यांत पहिल्या पंगतीला जेवत राहिलो.

गेल्या महिन्यात पत्नीला सारे सांगितले आणि देण्याचा पहिला हप्ता घेऊन अण्णांच्या घरी गेलो. खालच्या आवाजात बोलू लागलो.

"मोठ्यानं बोला मालक. कान मशिनीनं खाल्ले की."

पुन्हा बोललो. त्यांनी मान हलवली; ऐकू आले नव्हते. सून दारात येऊन उभी राहिली, शेजारी ओट्यावरून पाहू लागले. एरवी कधीच चढत नाही इतका माझा आवाज चढला.

"अण्णा, देणे कंपनीचे नव्हते, माझे होते! बुडणार हे ठाऊक असून मी तुमच्याकडून काम घेतले. मला माफ करा!"