हरभऱ्याच्या पोत्यांतलं साम्राज्य

किस्से गोदामातल्या पोत्यांसारखे असतात. एकावर एक थप्पी लागत जाते, आणि तळातलं एक ओढायला गेलं की वरची चार अंगावर येतात!

आमच्या साम्राज्य वाहिनीचं तसंच झालंय. कळंबला अप्पांच्या धान्याच्या गोदामात आम्ही चौघांनी मोबाईलवर ऐकायची मालिका केली. सात ग्रहांवर राज्य करणारा सम्राट आणि त्याची तळी उचलणारी सरकारी बातम्यांची वाहिनी. लिहिणारे विज्ञानाचे देशमाने सर. सम्राट खुद्द अप्पा. अप्पांची पुतणी प्रियंका बंडखोर पोरगी, रेकॉर्डिंगही तिचंच. आणि बातम्या वाचणारी मी! शाळेची पायरी चढले नाही, एस.टी.च्या पाट्या बघून अक्षरं शिकले. सरांना म्हणे अशी बाई हवी होती, जी खोटं बोलताना अडखळणार नाही. तिघांनीही एका दमात माझं नाव घेतलं. हा मान होता की अपमान, मी आजवर विचारलेलं नाही.

*

गोदामच का? तर हरभऱ्याची पोती चारी बाजूंनी लावली की आवाज घुमत नाही. मोठे स्टुडिओवाले भिंतींना फोम लावतात, आमच्याकडं हरभरा! भानगड एकच. भाव चढला की अप्पा माल काढायचे, आणि आमचं साम्राज्य पोकळ वाजायला लागायचं.

एकदा सर अगदी काकुळतीला आले. निदान युद्धाचा भाग होईपर्यंत तरी थांबा म्हणाले.

अप्पा म्हणाले, "युद्ध पुढं ढकला, सर. भाव थांबत न्हाय."

*

अप्पांचं घरातलं बोलणं कानडी. एकदा सम्राट ग्रह जाळायचा हुकूम देत होते, तेवढ्यात दारात काशिनाथ हमालानं पोतं धाडकन टाकलं. हा काशिनाथ माझ्याच गावचा, सास्तूरचा. भूकंपात गाव पडलं, मग दोघांच्या घरची माणसं इकडं आली. सम्राट त्याच सुरात गरजले, "मेल्लग इडो, चीला हरीतद!"

सरांना ते इतकं आवडलं की साम्राज्याची गुप्त भाषा म्हणून तसंच ठेवून दिलं. आठवड्यानं जळकोटहून एका श्रोत्याचा मेसेज आला. 'तुमचा सम्राट ग्रह जाळताना, हळू ठेव, पोतं फाटंल, असं का म्हणतोय?'

*

मी एकदा बातमी वाचली, साती ग्रहांवर पाणी मुबलक. दुसऱ्या दिवशी शेजारीण रिकामा हंडा घेऊन दारात उभी.

"मावशी, तुमच्या साम्राज्यात भाड्यानं खोली मिळंल का? आमच्या नळाला आठ दिस झाले."

*

पण खरी गंमत बागेची. सरांनी लिहिलं होतं, 'तिसऱ्या ग्रहावर हल्ला झालेला नाही.' मी कागद परत दिला. सर, खोटं असं बोलत नसतात! हल्ला झाला नाही म्हटलं की हल्ला झाला हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यापेक्षा लिहा, 'आज सम्राटांनी बागेची पाहणी केली.'

सरांनी तिथंच ओळ बदलली. हे कुठं शिकलात, विचारलं.

"माहेरी गेल्यावर. सासरचं कसं चाललंय म्हणून आई विचारायची, तवा म्या गाईच्या वासराचं सांगायचे."

तेव्हापासून एखादा ग्रह जळला, की सम्राट बागेत! लोक इतके तरबेज झाले की मी 'बाग' म्हणायच्या आधीच मेसेज यायला लागले. आज कुणाचा नंबर?

*

आणि मग शेवटचा भाग आला. बंडखोर वाहिनी ताब्यात घेतात आणि पहिल्यांदाच खरी बातमी जाते. ती सरांनी दिली प्रियंकाला! नवं राज्य, नवा आवाज म्हणे. माझं तोंड आधीच्या भागातच बंद.

मी गोदामात जाऊन उभी राहिले. "सर, खोटं म्या वाचलंय. खरं बी म्याच वाचणार. दुसरीनं वाचलं तर माझं खोटं तसंच राहतंय."

सर गोष्टीची गरज वगैरे सांगायला लागले. प्रियंकानं कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "वाचा मावशी. माझं कोण खरं मानंल?"

त्या दिवशी भाव असा चढला होता की गोदाम जवळजवळ रिकामं. काशिनाथ शेवटची पोती ट्रकात भरत होता. माझं नुसतं खाकरणं भिंतीवर आपटून परत येत होतं. सर म्हणाले, उद्या करू. प्रियंका म्हणाली, घुमू द्या.

कागदावर एकच ओळ होती. 'पाच ग्रहांवर मोठी जीवितहानी.' मी विचारलं, गावांची नावं? सर म्हणाले, मावशी, नावं ठेवलीच नाहीत, नुसते नंबर आहेत.

मी माइकसमोर बसले.

"साम्राज्य वाहिनी. श्रोतेहो, सम्राटांना बाग नव्हतीच."

कागदावरची ओळ होती तशी वाचली. मग कागद पालथा घातला आणि आमच्या जुन्या सास्तुरातल्या, भूकंपाआधीच्या गल्ल्यांची नावं सांगत गेले. कुंभारवाडा. चावडीमागची आळी. पारावरची घरं. आडाकडचा बोळ. एकेक नाव भिंतीवर जाऊन परत येत होतं. सरांनी थांबवलं नाही. अप्पांनी मोबाईल बंद करून खिशात ठेवला.

माझं संपलं. प्रियंका मशीन बंद करायला वाकली.

दारात काशिनाथ उभा होता. पाठीवर पोतं तसंच.

"आक्का," तो म्हणाला, "आमची गल्ली राहिली."

मी माइक पुन्हा पुढं ओढला.