उलटा पीळ

आमचं औरादचं किराणा दुकानाचं घर. लोकर कातणं आमच्याकडं कुणाचंच काम नव्हतं, माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मात्र त्याचा नाद होता. शेतात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगरणीकडून ती लहानपणीच चाती फिरवायला शिकली. "धनगरांच्या पोटावर पाय द्यायलीस व्हय गं?" असं अप्पा चिडवायचे, आणि बाजारातून लोकरही तेच आणून द्यायचे.

पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात ती चिटगुप्प्याहून माहेरी आली, ती क्षय घेऊनच. सासरच्यांनी तिची लहान लेक ठेवून घेतली. अक्कानं पोरीजवळ जायचं नाही असं वैद्यानंही सांगितलेलं, म्हणजे भांडायचं तरी कुणाशी? मला त्याचाच जास्त राग यायचा. अक्का उशीला टेकून पुन्हा चाती घेऊन बसली. पोरीला एक लहानशी घोंगडी पाठवायची, एवढंच तिच्या मनात होतं.

"मला घेता येत न्हाई तिला. माझ्या हातचं काहीतरी तिच्या अंगावर राहू दे."

निम्मी लोकर कातून झाली आणि तिचे हात गळाले. आता तू कर म्हणाली. तिच्या धाग्याला मी लोकर जोडली, चाती फिरवली. धागा तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. इतक्या कष्टानं काढलेला तिचा धागा तिच्यासमोर माझ्या हातात विरत होता, आणि का ते मला कळत नव्हतं.

"डाव्या हातानं फिरवायलीस तू," ती म्हणाली. "माझा पीळ सुटायलाय."

मी डावखुरी. उजव्या हातानं काही केल्या जमेना. मी चाती फेकली, रडले, तिच्यावरच खेकसले. एवढं साधं काम, आणि तेही माझ्याच्यानं होईना.

खोकल्याची ढास ओसरल्यावर तिनं कोनाड्यातली दुसरी चाती दाखवली. "तुझा धागा येगळा कात. मागनं गाठ मार. अन् सासूबाईंनी इचारलं, तर समदं तूच कातलंस म्हण. माझ्या हातचं हाय म्हणून कळलं, तर जाळून टाकतील."

घोंगडी धनगराच्या मागावरून उतरायच्या आत अक्का गेली.

मीच ती चिटगुप्प्याला नेली. अक्काच्या सासूबाईंनी दारातच विचारलं, "कुणी कातली?"

"मी."

तेव्हा कुठं घोंगडी घरात गेली.

त्या घोंगडीवरून नीट हात फिरवला, की अक्काचा पीळ कुठं संपतो आणि माझा उलटा कुठं सुरू होतो, ते बोटांना कळतं. पुढं कधी तिकडं गेले, की पोर झोपताना अक्काची बाजू तिच्या छातीशी येईल अशी मी पांघरूण घालायचे.

"मावशीची घोंगडी," ती डोळे मिटून म्हणायची.

मी व्हय म्हणायचे.