नाव सांगून थांबलेली माणसं

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी ती येळ्ळूर गावची. जेवतानाही तिचा डावा हात माऊसवरच. गावोगावच्या, जमिनीचा उतारा काढून देणाऱ्या मशीनवर कुणी कुठं बोट लावलं, याच्या ढीगभर नोंदी ती कॉम्प्युटरकडून चाळून घेते आणि लोक कुठं अडतात ते हुडकते. मध्येच स्क्रीनला दटावते, "थांब गं, पळू नको." मला तिच्या चिकाटीची थोडी भीतीच वाटते.

लोक सगळीकडं एकाच जागी अडत होते. नाव टाकायचे आणि पुढचं बटण न दाबता थांबायचे. थोड्या वेळानं मशीन पहिल्या पानावर जायचं.

"लोकांना शिकवायला पाहिजे," साहेब म्हणाले.

"शिकवलंयच की, सर. कचेरीत नाव सांगितलं की हाक येईपर्यंत गप उभं ऱ्हायचं, हेच जन्मभर शिकवलंय. आता मशीननं हाक मारू दे."

साहेब टाळत राहिले. ती रोज सकाळी त्यांच्या दारात उभी. शेवटी स्क्रीन बदलली.

परवा आम्ही कंग्राळी गावात ती बघायला गेलो. एका म्हाताऱ्या आप्पांनी नाव टाकलं आणि हात बांधून मागं सरकले. मोठी अक्षरं उमटली : 'नाव कळलं. आता हिरवं बटण दाबा.'

"व्हय गं बाई," मशीनला म्हणत आप्पा पुढं आले.

मी हसलो. ती हसली नाही. तिचं लक्ष हिरव्या बटणाकडं निघालेल्या त्यांच्या बोटाकडं होतं.