फ्रिज कुठे गेला?

फिलिपिन्सहून आलेली ईमेल सौजन्यपूर्ण होती, पण प्रश्न सरळ होता. होम स्टडीच्या फोटोंत दिसणारा फ्रिज, सोफा आणि मुलीसाठी मांडलेली खाट व्हिडिओ कॉलच्या वेळी घरात दिसली नाही. या वस्तू कुठे गेल्या? समाधानकारक खुलासा येईपर्यंत दत्तक प्रकरण थांबवण्यात येत आहे.

आमच्या ऑफिसर मॅडमनी प्रिंट माझ्या टेबलावर ठेवली. "रिपोर्ट तुमचाच आहे ना?"

"हो."

"मग फ्रिज शोधा," म्हणाल्या आणि मीटिंगला गेल्या.

मी रायगड जिल्ह्यात मुलांसाठी काम करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात समाजकार्यकर्ता आहे. दत्तक प्रकरणात मूल ज्या घरी जाणार, ते घर बघून अहवाल लिहायचा, हे माझं मुख्य काम. यालाच होम स्टडी म्हणतात. हा अहवाल पटला तर आपलं सरकार संमती देतं, मग मुलाच्या देशातला दत्तक आदेश निघतो. तो आदेश हातात आल्यावरच आपल्या वकिलातीत व्हिसाचा अर्ज करता येतो. पहिली कडी निसटली की पुढचं सगळं लोंबकळतं.

घर होतं तळा तालुक्यातल्या एका गावात, सुदाम आणि रेखाचं. सुदाम न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरीला, सुट्टीला गावी येणारा. रेखा अंगणवाडीत. मूलबाळ नव्हतं. सुदामचा धाकटा भाऊ विलास जहाजावर स्वयंपाकी होता. त्यानं फिलिपिन्समधल्या मुलीशी लग्न केलं, तिकडेच संसार थाटला. पुढे नवराबायको दोघंही आजारपणात गेली. मागे राहिली सहा वर्षांची एंजल आणि तिला सांभाळणारी थकलेली आजी. विलासनं मुलीच्या जन्माची नोंद आपल्या वकिलातीत केलीच नव्हती. म्हणून सख्खी पुतणी असूनही एंजल कागदोपत्री परदेशी. सुदामला हे पहिल्या भेटीत समजावताना माझी दमछाक झाली होती. आमच्याच रक्ताची पोर आणायला एवढ्या परवानग्या कशाला, हे त्याचं पालुपद.

आता माझ्याबद्दल. पहिल्या गृहभेटीत रेखानं पोहे दिले, त्या स्टीलच्या ताटलीवर 'सौ. पार्वती' असं कोरलेलं होतं. आपल्याकडे भांड्यावर घरच्या बाईचं नाव घालतात, आणि या घरात पार्वती नावाचं कोणी नव्हतं. फ्रिजची वायर तर प्लगपर्यंत पोचतच नव्हती. हे सगळं मी पाहिलं, आणि काही विचारलं नाही. मला ती दोघं आवडली होती. विचारलं तर लिहावं लागेल, लिहिलं तर फाइल अडेल, असा मी हिशेब केला. घरात फ्रिज आहे, एवढंच लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं. तरीही त्या दिवशी परतताना एसटीत मला स्वस्थ बसवलं नाही.

ईमेल घेऊन मी गावात गेलो. सुदाम मान खाली घालून बसला. रेखाच बोलली. "साहेब, मोठं माणूस घर बघायला येणार म्हटल्यावर शेजारून आणतातच. मला बघायला आले होते, तेव्हा माहेरी खुर्च्यासुद्धा वाडीतल्या होत्या."

तेवढ्यात दोन घरं पलीकडच्या पार्वतीकाकू आल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. "फ्रिज माझा हाय," त्या म्हणाल्या. "सोफा वरच्या आळीतला, खाट माझ्या जावेची. तू माझ्या नावाच्या ताटलीत पोहे खाल्लेस. तुला वाचता येत न्हाय व्हय?"



सुदामनं तोडगा काढला. हप्त्यानं नवा फ्रिज घेतो, बिल जोडा, जुना दुरुस्तीला दिला होता असं लिहा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानंही मला फोनवर हेच सुचवलं होतं. खरं सांगतो, मला ते पटत आलं होतं.

मग रेखानं हळूच विचारलं, "आणि त्यांनी परत काही विचारलं तर? पोर हातची जाईल ना?"

तिच्या त्या प्रश्नानंतर मी कोरा कागद काढला. कोणती वस्तू कोणाकडून आली, हे घरोघर जाऊन विचारलं आणि लिहिलं. ते करताना पहिल्या वेळी सुचलेच नव्हते ते प्रश्न सुचले. रेखा अंगणवाडीत असताना एंजल कोणाकडे राहील? आजारी पडली तर डॉक्टरकडे कोण नेईल? प्रत्येक घरानं स्वतःचं नाव सांगितलं. काकू म्हणाल्या, "फ्रिज दिला, तर पोरीला दोन घास न्हाय देणार?" तेही वाक्य मी इंग्रजीत घातलं. शेवटी, वस्तू उसन्या असल्याची शंका मला पहिल्याच भेटीत आली होती आणि मी ती नोंदवली नाही, असं लिहून सही केली.

मॅडमनी पुरवणी अहवाल दोनदा वाचला. "मेमो द्यावा लागेल तुम्हाला."

"द्या मॅडम."

तो टाइपही मलाच करायला लावला.

पुन्हा व्हिडिओ कॉल झाला. या वेळीही काही मागून आणलं नाही, घर जसं होतं तसंच ठेवलं: चटई, पत्र्याची पेटी, भिंतीवर विलासचा फोटो. तिकडची कार्यकर्ती आमचा खुलासा आजीला तिच्या भाषेत वाचून दाखवत होती. रेखानं माझी बाही घट्ट धरली होती. मग आजी काहीतरी म्हणाली आणि ती कार्यकर्ती हसू दाबायला लागली. तिनं इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत.

"आजी म्हणते, मी बसले आहे ती खुर्ची शेजारणीची आहे."

काकू मागून म्हणाल्या, "बघा." तिकडची कार्यकर्ती मान खाली घालून आपल्या फाइलमध्ये काहीतरी लिहू लागली. खुर्ची कोणाची, तेच ती लिहीत असणार, हे मला बरोबर कळलं.

त्यानंतरची कामं रेंगाळली, पण अडली नाहीत. आपली संमती गेली, त्यांचा आदेश आला, गृहखात्याची परवानगी मिळाली, वकिलातीनं व्हिसा दिला. सुदाम आणि रेखा विमानात पहिल्यांदा बसली ती एंजलला आणायला.

मूल घरी आल्यावरही ठरावीक काळानं जाऊन बघावं लागतं. तशा पहिल्या भेटीला गेलो, तर घरात एंजल नव्हती, फ्रिजही नव्हता.

"पोरगी कुठे आहे?" मी विचारलं.

"काकूंकडं," रेखा म्हणाली. "फ्रिज उघडून उभी असंल. काकू ओरडतात, पण बर्फ पण त्याच देतात."

पोहे आले. ताटलीवर रेखाचं नाव होतं.

हल्ली गृहभेटीत वस्तू लिहून झाल्या की मी विचारतो, यातलं तुमचं काय आणि शेजारचं काय. लोक जरा लाजतात, मग सांगतात. अहवालाचं एक पान वाढतं, एवढंच.