हरभऱ्याची राखण आणि हिमालयातली पाखरं

त्या पाहुण्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. केस पिकले, तरी गळ्यात दुर्बीण अडकवलेला माणूस दिसला की माझा हात आपोआप कमरेकडं जातो. तिथं तेव्हा गोफण असायची.

मी परभणीकडची. सहावी अर्धी झाली आणि शाळा सुटली, कारण आई-बाप उसाच्या तोडीला निघाले आणि मला घरी सांभाळायला कुणी नव्हतं. परत आलो तेव्हा वर्ग पुढं गेला होता, मी मागं राहिले ती राहिलेच. लग्न झालं तेही तोडीवाल्याशीच. नव्वदनंतरच्या एका हंगामात आमची टोळी शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या शिवारात, भीमेच्या काठाला उतरली. तिथं मी नवऱ्याला सांगून टाकलं, "तुमी जावा टोळीसंगं. म्या हितंच ऱ्हाते." माझी मुलगी चौथीच्या वयाची झाली होती. माझी शाळा जशी वाटेत सांडली तशी तिची सांडू द्यायची नव्हती.

ज्यांच्या रानात ऊस तोडला त्या मालकांना सगळे आबा म्हणायचे. सोसायटीत, गावकीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांना नदीकाठच्या हरभऱ्याला राखणदार हवा होता. मुलीकडं आधीच्या शाळेचा दाखला नव्हता, म्हणून शाळा तिला घेईना. आबा स्वतः हेडमास्तरांकडं गेले. "पोरगी माझ्या वस्तीवर हाय. बसवा वर्गात. दाखल्याचं मी बघतो," म्हणाले. एवढं एकच वाक्य. पुढं आबा मला पुष्कळ काही बोलले, पण ते वाक्य मी विसरले नाही. मात्र उपकाराखाली झोप लागत नाही. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा तो हा, की आज आबांचं मन फिरलं तर पोरीचं दप्तर कुठं घेऊन जायचं?

दिवाळीनंतर पाखरं आली. मोठी, राखाडी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. आम्ही त्यांना बदकंच म्हणायचो. सकाळी नदीवरून उठायची आणि कलकलाट करत थव्यानं हरभऱ्यात उतरायची. शेंडे, पानं, पुढं घाटे, काही म्हणून सोडायची नाहीत. मी रानातल्या माळ्यावर, बांबूंच्या उंच मचाणावर, बसून गोफण चालवायचे. गोफणीत दगड कधी घातला नाही, मातीचं ढेकूळ घालायचे. पाखराला लागावं म्हणून मी कधी नेम धरला नाही. गोफणीच्या शेपटाचा फटाका वाजला की ती उठायची.

त्यांच्यातही एक राखणदार असतो. बाकीची खात असली तरी तो मान ताठ करून उभा. तो माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. मी गप्प बसून राहिले की त्याला वाटायचं, बाई गाफील झाली, आणि मग तोही मान खाली घालायचा. त्याच क्षणाला गोफण सोडायची. महिनाभरात ही गोष्ट माझ्या हातात इतकी बसली की डोक्याला काही सांगावं लागत नव्हतं.

संक्रांतीच्या अगोदर पुण्याचा एक माणूस आबांकडं आला. पाहुणे फिरवून पाखरं दाखवणं हा त्याचा धंदा होता. त्यानं आबांना काय सांगितलं कोण जाणे, पण आठवड्यात नदीकडेला पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. आबा माळ्याखाली आले.

"पोरी, रविवारी गोफण चालवायची न्हाई. खाऊ दे त्यांना. पुण्याची मोठी माणसं हिमालयातली पाखरं बघाया येणार हायती."

"आबा, हिमालयातली पाखरं हितं कुठून आणायची?"

"तीच की गं. तुझी बदकं."

मला हसू आलं. त्या पाहुण्यांच्या बाबतीत मी हसले ती तेवढीच.

रविवारी तळेगाव ढमढेऱ्यावरून त्यांची जीप आली. सहा पाहुणे आणि तो दाखवणारा साहेब. उतरल्या उतरल्या त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हे लाल लुगडं चालणार नाही. पाखरं बिचकतात. आणि त्या बांगड्या वाजतायत, त्या काढ."

"बांगड्या कशा काढू सायेब? नवरा हाय मला."

"मग निदान हलू नकोस." त्यानं खळ्यावरचं रिकामं पोतं उचललं, खोळ केली आणि माझ्या डोक्यावर टाकली.

काळा चष्मा घातलेली एक बाई ओरडली, "अय्या, बुजगावणं!" सगळे हसले. आबाही हसले. मी खोळ नीट केली आणि चहाचं पातेलं धरून बांधाकडेला बसले.

वाटेत त्या लोकांनी हरभऱ्याचे डहाळे उपटून घेतले होते. पाखरू शेंडा खातं, खाली झाड तरी उरतं. ह्यांनी मुळासकट उपटलं, चार घाटे सोलले आणि बाकी टाकून दिलं. मी आबांकडं पाहिलं. आबा नदीकडं बघत होते.

साहेब खालच्या आवाजात सांगत होता. "हे पट्टकादंब. लडाखात, तिबेटात अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून इथं येतात. विमान जातं त्या उंचीवरून. आणि एवढ्या कष्टानं इथं आल्यावर आपली माणसं त्यांचं काय करतात? गोफणी मारतात."

सहाही माना माझ्याकडं वळल्या. एकानं विचारलं, "मारून खाता का हो तुम्ही यांना?"

"खाणारी ती हायती. म्या राखणारी," मी म्हटलं.

"उलट बोलायचं न्हाई," आबा दातओठ खाऊन म्हणाले.

मग सगळे गप्प झाले, कारण थवा आला. नदीवरून एक गिरकी घेतली, पाय खाली सोडले आणि आमच्यापासून दोन-तीन वाफ्यांवर उतरला. पाहुण्यांनी दुर्बिणी लावल्या. मी पोत्याखालून त्यांच्या राखणदाराला पाहिलं. तो मान ताठ करून उभा होता. माळ्याकडं पाहिलं त्यानं. माळा रिकामा. मग आमच्याकडं. मी हलले नाही. कुणीच हललं नाही. बाकीची खायला लागली. बऱ्याच वेळानं त्यानंही मान खाली घातली.

आणि माझा हात वर गेला.

गोफण कमरेला होतीच. ती सोडून ठेव असं मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. ढेकूळ कधी घेतलं, कधी फिरवलं, काही कळलं नाही. फटाका वाजला आणि तोंडातून रोजची आरोळी निघाली, "हाऽऽऽ हुर्र्ऽऽ!" थवा उठला तो सरळ नदीपार.

मग साहेब माझ्या अंगावर आला. "अक्कल आहे का तुला? पहाटे तीनला उठून आलेत हे लोक!"

काळ्या चष्म्याची बाई म्हणाली, "मुद्दाम केलं हिनं. मी बघत होते."

मी आबांकडं धावले. "आबा, चूक झाली. हाताला सवय पडली."

"मग हात तोडून ठेव," आबा म्हणाले. आणि पाहुण्यांकडं वळून, "सायेब, ही आमच्यातली न्हाई. बाहेरची हाय, तोडीवाली. उद्याच टोळीच्या ट्रकात बसवून देतो." पुन्हा माझ्याकडं, "पोरीचं दप्तर भरून ठेव."

इतके दिवस ते मला पोरी म्हणायचे. त्या वाक्यातली पोरी माझी लेक होती. मला तो सहावीचा वर्ग आठवला, माझ्याशिवाय पुढं गेलेला.

पाहुणे सामान आवरायला लागले. "हिमालय राहू दे, कावळासुद्धा धड दिसला नाही," एक जण म्हणाला. साहेब दुर्बिणीनं नदी चाळत होता, पण त्याला काही सापडत नव्हतं. तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "ती कुठं बसलीत ते मला ठाव हाय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"रोज म्याच उठवते सायेब. उठून कुठं जात्यात, ते बी म्याच बघते."

नदीपार दौंड तालुका. तिथं वळणावर एक तुटलेल्या उसाचं रान होतं, पाचट जाळून पाणी सोडलेलं. माझ्या हरभऱ्यातून उठली की पाखरं तिथं जाऊन बसायची, हे माळ्यावरून रोज दिसायचं. साहेबाला माझ्या मागं यायचं नव्हतं. पण पाहुणे त्याच्या तोंडाकडं बघत होते. शेवटी आबांनी होडी सोडायला सांगितली.

पलीकडं उतरल्यावर मी चपला काढल्या आणि पुढं झाले. पाण्याच्या चारीच्या कडेनं वाकून चालायला लावलं सगळ्यांना. "उभं ऱ्हायाचं न्हाई. त्यांचा राखणदार पयलं डोस्कं बघतो." बांधाजवळ आलो तर साहेबाच्या पाठीवरची स्टीलची बाटली उन्हात लखलख करत होती.

"सायेब, ते चकाकतंय," मी म्हटलं. आणि माझ्या डोक्यावरचं पोतं काढून त्याच्या पाठीवर टाकलं. कुणी हसलं नाही.

बांधाआडून पाहिलं तर सगळा थवा समोर होता. इतका जवळ, की चिखलातून उसाचे कोंब उपटल्याचा आवाज येत होता. काळ्या चष्म्याच्या बाईनं चष्मा काढून डोळे पुसले. दुर्बीण मला कुणी दिली नाही, मला ती लागलीही नाही. दुसऱ्याच्या रानात खाताना ती पाखरं मला पहिल्यांदाच देखणी दिसली. त्यांचा राखणदार एका पायावर उभा होता. माझ्या अंगावर लाल लुगडं होतं, तरी त्यानं मला ओळखलं नाही. का ओळखून सोडून दिलं, देव जाणे.

"मी म्हटलं होतं ना, दाखवणारच," साहेब पाहुण्यांना म्हणाला. माझं नाव निघालं नाही.

परतताना होडीत आबा माझ्याशेजारी बसले. "ऱ्हा. पण गोफण माझ्याकडं दे." मी कमरेची गोफण सोडली आणि त्यांच्या हातात दिली.

साहेबानं पुढं असं सांगितलं की रविवारपुरतं थांबून भागत नाही, पाखरांना सवय व्हायला हवी, म्हणून आठवडाभर हाकलायचं नाही. मी माळ्यावर नुसती बसून राहायचे. पाखरं यायची, राखणदार दोन-चार दिवस माझ्याकडं बघायचा, मग तोही बघायचा बंद झाला. पाहुणे खूश झाले. माघ संपता संपता हरभरा खळ्यावर आला तो निम्मासुद्धा नव्हता. आबांनी चार माणसांत मला उभं केलं.

"राखण कुणाची हुती?"

गोफण तुमच्याकडं होती, आबा, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण परीक्षा अजून व्हायची होती.

"माझी," मी म्हटलं.

"मग पाडव्याला साल संपतंय. आपली वाट धर."

मी त्यांच्या पाया पडले. परीक्षेपर्यंत राहू द्या म्हणाले. पत्र्याच्या खोल्या झाडीन, पाहुण्यांची भांडी घाशीन. आबा म्हणाले, "ऱ्हा. पर रानात पाय ठेवायचा न्हाई." घासली भांडी. काळ्या चष्म्याची बाई दुसऱ्यांदा आली, तिचीही घासली. तिनं मला ओळखलं नाही.

एक मेला निकाल लागला. हेडमास्तरांनी दाखला लिहून दिला, "चौथी उत्तीर्ण", त्यावर शाळेचा शिक्का. आमच्या घरात आलेला तो पहिला दाखला. त्याच दिवशी आम्ही निघालो. निघताना पत्र्याच्या खोलीत आबा बसले होते, तिथं गेले. भिंतीवर, पाहुण्यांना दिसेल अशी, माझी गोफण खिळ्याला टांगलेली होती.

"आबा, दाखला मिळाला," मी म्हटलं.

"मिळणारच की," आबा म्हणाले. "शब्द टाकला हुता मी."

ते खरंच होतं. मी पुन्हा त्यांच्या पाया पडले आणि गोफण न मागता एसटीच्या थांब्याकडं निघाले. पोरगी दाखला छातीशी धरून माझ्या पुढं चालत होती.